टोचन लावून आणि ट्रकवर घालून घरी आणलेल्या तीन गाड्या

कोरेगावात आमच्या घरामागच्या शेडमध्ये आज तीन जुन्या गाड्या उभ्या आहेत. एक महिंद्राची हाय बोनेट पेट्रोल जीप, म्हणजे सीजे-३बी. दुसरी महायुद्धाच्या काळातली लो बोनेट विलिस. तिसरी जबलपूरच्या कारखान्यात बनलेली, लष्करातून बाहेर पडलेली जोंगा. तिन्ही आता डोंगर चढतात, ओढ्यातून जातात. पण यातली एकही स्वतःच्या इंजिनावर घरी आलेली नाही. पहिली २००९ साली निपाणीजवळून सोल बांधून आणली, दुसरी २०१५ साली नगरहून लोखंडी दांड्यावर आणि तिसरी २०२२ साली जबलपूरहून ट्रकच्या पाठीवर.

जीपचं वेड घरातलंच. आमचे तात्या पाटबंधारे खात्यात जीपवर ड्रायव्हर होते. १९७२ च्या दुष्काळात माण-खटावात कामं निघाली तेव्हा साहेबांना घेऊन ते दिवस दिवस त्या बिनरस्त्याच्या मुलखात फिरत. गाडी कुठेही थांबली की पाणी पिण्याआधी ते चारी चाकांभोवती एक फेरी मारत आणि प्रत्येक हबवर उजवा तळहात ठेवत. हात टिकला तर ठीक. चटका बसला तर साहेब कितीही घाईत असोत, गाडी पुढे जात नसे. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गेलो की मागे मागे फिरून तसाच हात ठेवायचो.

जुनी जीप घ्यायची म्हणून हल्ली बरीच मुलं फोन करतात. गाडी कुठली घ्यावी हे ती तासभर विचारतात आणि घरी कशी आणणार हे शेवटच्या मिनिटाला. खरी परीक्षा त्या प्रवासातच असते. म्हणून जे शिकलो ते लिहून ठेवतो.

१. पैसे देण्याआधी चेसिस नंबर बोटाने वाचा

सुटे भाग गोळा करून 'जुनी' जीप नव्याने बांधून देण्याचा धंदा मोठा आहे. उत्तरेकडच्या एका जीपबाजारात मी दोन दिवस राहून रिकाम्या हाताने परतलो. गाडी मनात भरली होती, रंग सुरेख होता, पण चेसिसवर नंबराच्या जागी वेल्डिंगची कड बोटाला लागत होती. रॉकेलचा बोळा घेऊन ती जागा स्वतः पुसा आणि आरसीवरच्या नंबराशी एकेक आकडा ताडून पाहा.

परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि मालकी बदलाचे फॉर्म २९ व ३० सहीनिशी हातात आल्याशिवाय गाडी जागची हलवू नका. एकदा गाडी आपल्या दारात आली की विकणाऱ्याच्या फोनची रिंग लांबत जाते. जोंगा 'एमपी २०' पासिंगची होती, म्हणूनच मी ती घेतली. लष्कराच्या लिलावातून थेट घेतलेल्या गाडीला नागरी आरसी नसते, बाणाचं चिन्ह असलेला तिचा लष्करी नंबर आपल्याला लावता येत नाही, आणि तिची नोंदणी करून घेणं हे निराळंच मोठं काम आहे. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी सुरू झाली. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे. पण त्या नंबरावरची गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. ज्याला जीप वापरायची आहे त्याने हे आधी समजून घ्यावं.

सगळ्या कागदांच्या दोन प्रती प्रवासात जवळ ठेवा. जुनी गाडी ओढत चाललेला माणूस रस्त्यावर प्रत्येकाच्या नजरेत येतो आणि पोलिसांनी थांबवून विचारणं साहजिक आहे.

२. 'चालू आहे, चालवतच न्या' हे ऐकू नका

विकणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या अंगणात गाडी सुरू होते, फाटकापर्यंत जाऊन येते. पण अंगणात चालणं वेगळं आणि पावणेदोनशे किलोमीटर चालणं वेगळं. टाकीच्या तळाला साचलेला गंज पहिल्या वीस किलोमीटरमध्ये कार्बोरेटरपर्यंत पोचतो. ब्रेकच्या सिलिंडरमधली रबरं उभ्या गाडीत सुकलेली असतात, दोन-चारदा जोरात ब्रेक दाबला की फाटतात. मला मोह तिन्ही वेळा झाला. तिन्ही वेळा बरोबर नेलेल्या मिस्त्रींनी बॅटरीची वायर काढून स्वतःच्या खिशात ठेवली, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

३. टोचनाचा नियम माहीत करून घ्या

आपल्याकडे टोचनाला नियम आहेत आणि ते शहाणपणाचे आहेत. बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजला किंवा पेट्रोल पंपाला नेणं, किंवा गाडी पोचती करणं, एवढ्यासाठीच दुसऱ्या गाडीने ओढण्याची मुभा आहे. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको. मागच्या गाडीची पुढची चाकं क्रेनने उचललेली नसतील तर तिच्या स्टिअरिंगवर लायसन्सधारक माणूस हवाच. आणि मागे पांढऱ्या पाटीवर किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत 'ऑन टो' लिहिलेलं हवं.

ताशी २५ म्हणजे निपाणी ते कोरेगाव, सुमारे १७५ किलोमीटर, न थांबता सात तास. थांबे धरून अख्खा दिवस. हा हिशेब घरीच मांडावा. तो झेपत नसेल तर सरळ ट्रक करावा. मी २००९ साली हा हिशेब मांडला नव्हता. आज कोणी दीडशे किलोमीटरच्या पुढे टोचन लावायचं म्हटलं तर मी स्पष्ट नको म्हणतो, माझ्या दोन गाड्या तशा आल्या असल्या तरी.

४. सोलाचं टोचन हे दोन माणसांचं काम आहे

निपाणीहून निघालो तेव्हा पुढे दाजी सुमोवर, मागे जीपमध्ये स्टिअरिंगवर मी. मधे चांगला जाड नायलॉनचा सोल, जीपच्या पुढच्या बंपरला बांधलेला. कागल गेलं, कोल्हापूर मागे पडलं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की दाजींनी हळूहळू वेग वाढवला आणि मीही काही बोललो नाही.

किणीचा टोलनाका ओलांडून पुढे आलो. रस्त्यावर रंबलर होते. दाजींनी ब्रेक मारला, मी अर्धा क्षण उशिरा. सोल ढिला पडला, जमिनीला टेकला आणि जीपच्या पुढच्या डाव्या चाकाखाली आला. दाजींना मागचं दिसत नव्हतं, त्यांनी पुन्हा गाडी उचलली. मोठा हिसका बसला. बंपरचा एका बाजूचा बोल्ट उपटला, बंपर पिळला गेला आणि सुटलेलं टोक हुकासकट बोनेटवरून येऊन काचेवर आदळलं. काच फुटली. ते टोक हातभर उजवीकडे आलं असतं तर आज हे लिहायला मी नसतो. दाजी खाली उतरले ते थरथरतच. आम्ही दोघं रस्त्याकडेच्या बाभळीखाली बराच वेळ नुसते बसून राहिलो.

त्या बाभळीखाली जे ठरलं ते असं. सोल बंपरला कधीच बांधायचा नाही, चेसिसच्या हुकाला किंवा पाट्याच्या पुढच्या कानापाशी चेसिसलाच बांधायचा. सोलाच्या मधोमध ओल्या गोणपाटाची घडी बांधायची, म्हणजे तो तुटला तर उसळी न घेता खाली पडतो, आणि लांबून येणाऱ्यालाही दिसतो. बोनेट उघडं न टाकता त्यावर जुनी घोंगडी टाकायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पुढची गाडी ओढते, पण दोन्ही गाड्या थांबवण्याचं काम मागच्याचं. पुढचा हात बाहेर काढून खुणावतो, मागचा आधी ब्रेक लावतो, सोल ताठ राहतो. उतारावर तर मागच्याचा पाय ब्रेकवरून निघताच कामा नये. हॉर्नची भाषा आधी ठरवा. एकदा म्हणजे हळू, दोनदा म्हणजे थांब. दाजींचं आणि माझं तेव्हापासून एक ठरलेलं आहे, की मागच्याने थांब म्हटलं की का ते न विचारता थांबायचं.

जुन्या जीपची एक गोष्ट इथे मदतीला येते. हल्लीच्या गाडीचं इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो आणि स्टिअरिंग जड. सीजे-३बी ला ब्रेकचा बूस्टर नाही की पॉवर स्टिअरिंग नाही. इंजिन बंद असो वा चालू, पायाला ब्रेक तेवढाच लागतो. ब्रेकची रबरं आणि तेल आधी बदलून घेतलेलं असलं म्हणजे झालं.

५. शाफ्ट काढला की हँडब्रेक गेला

चारही चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढायचं तर दोन्ही प्रोपेलर शाफ्ट काढून गाडीत ठेवावेत. नाहीतर चाकांबरोबर ट्रान्सफर केस आतून फिरत राहते, आणि वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत तिच्यात तेल किती आणि पाणी किती हे कोणालाच ठाऊक नसतं. काढण्याआधी शाफ्टवर आणि तो जिथे बसतो तिथे पिवळ्या रंगाची एक सलग रेघ मारा, म्हणजे परत बसवताना तसाच बसेल. क्रॉसच्या सुट्या झालेल्या वाट्यांना चिकटपट्टी गुंडाळा. त्यात सुईसारखे बारीक रोलर असतात. एक वाटी घरंगळली की ते धुळीत सांडतात आणि मग प्रत्येक सुई वेचत बसावं लागतं.

हे सगळं मिस्त्रींनी निपाणीत नीट केलं होतं. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात राहिली नाही. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशी असतो. तिथून पुढे ताकद चाकांपर्यंत जाते ती शाफ्टमधूनच. शाफ्ट काढला की हँडब्रेक कितीही ओढा, चाकांना त्याचा पत्ता नाही. गिअरमध्ये टाकून ठेवण्याचाही तसाच उपयोग शून्य.

उंब्रजच्या पुढे चहाला थांबलो. रस्त्याला किंचित उतार. मी सवयीने हँडब्रेक ओढला, खाली उतरलो आणि सोल सोडला. जीप शांतपणे निघाली. बरोबर आलेला माझा भाचा तेव्हा चौदा वर्षांचा होता, त्याने पळत जाऊन हाती लागलेला दगड मागच्या चाकाखाली सरकवला. गाडी थांबली. मी त्याला पोटाशी धरलं आणि मग रागावलोही, कारण त्याने चालत्या चाकाखाली हात घातला होता. तेव्हापासून दोन लाकडी ठोकळे दोरीने एकमेकांना बांधून मी गाडीत ठेवतो. थांबलो की आधी ठोकळे, मग सोल सोडणं.

६. टायरची नक्षी फसवते

सतरा वर्षं शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवर नक्षी भरपूर असते. बाजूची भिंत दाबून पाहा, बारीक भेगा उघडतात. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ०८०४ म्हणजे २००४ च्या आठव्या आठवड्यातला टायर. नगरहून विलिस आणायला गेलो तेव्हा ६.०० - १६ मापाचे चार चांगले टायर ट्यूबसकट घरून नेले होते. ते चढवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. विलिसच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात. रस्त्यातल्या पंक्चरवाल्याला हे सांगितलं नाही तर तो पाइप लावून जोर करतो आणि स्टडच मोडतो.

७. हबला हात लावत चला

निघण्याआधी चारी हब उघडून जुनं ग्रीस काढावं, बेअरिंग डिझेलने धुवावी, नवं ग्रीस भरावं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, विकणाऱ्याच्या अंगणात बसूनच करावं. लोक इथे कंटाळा करतात. इंजिन बंद आहे म्हणजे गाडीवर काही भार नाही असं त्यांना वाटतं. पण चाकं फिरतच असतात, आणि वाळून वडी झालेल्या ग्रीसवर ती ज्या बेअरिंगवर फिरतात ती आधी तापते, मग निळी पडते आणि मग धरते. चाक धरलं की मागच्या गाडीत बसलेल्याच्या हातात काहीच उरत नाही.

पहिला थांबा दहा किलोमीटरवर घ्या. मग दर वीस-पंचवीस किलोमीटरवर. चारी हबवर तळहात ठेवा आणि एकमेकांशी ताडून पाहा. तीन कोमट आणि एक गरम असेल तर त्या एकाकडे काहीतरी बिनसलंय, ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग घट्ट झालीय. विलिसचा मागचा उजवा हब दौंडच्या पुढे असाच निराळा लागला. ब्रेक एक आटा सैल केला, पुढच्या थांब्याला चारी सारखे झाले. तापमान मोजायची बंदुकीसारखी यंत्रं आता स्वस्तात मिळतात, भाच्याने मला एक आणून दिलंय. मी ते वापरतो आणि नंतर हातही लावतो.

८. दांड्यावर गाडी मागे जात नाही

सोलापेक्षा त्रिकोणी लोखंडी दांडा शंभरपट बरा. दोन टोकं मागच्या गाडीच्या चेसिसला, एक टोक पुढच्या गाडीच्या हुकाला. ढिलं पडणं नाही, हिसका नाही. मागच्या गाडीची चाकं पुढच्यामागे आपोआप वळतात, फक्त स्टिअरिंग मोकळं हवं, कशाला बांधलेलं नको. दांड्याबरोबर एक जादा साखळी सैल बांधून ठेवायची, पिन मोडली तर गाडी सुटून जाऊ नये म्हणून. आणि ओढणारी गाडी ओढल्या जाणाऱ्या गाडीपेक्षा जड हवी. विलिस साधारण ११०० किलोची, आमची बोलेरो तिच्याहून बरीच भारी, म्हणून ते जमलं.

फक्त मागे घेता येत नाही. फलटणमध्ये आम्ही चुकून एका बोळात शिरलो आणि रिव्हर्स घ्यायला गेलो. हातभर मागे जाताच विलिसची पुढची चाकं एका बाजूला पार वळून अडकली आणि दांडा पिळायला लागला. गल्लीतली माणसं धावून आली, पिन काढली, दोन्ही गाड्या हाताने ढकलून बाहेर घेतल्या. तेव्हापासून वळणाची, चहाची, पेट्रोलची प्रत्येक जागा पुढून शिरून पुढूनच निघता येईल अशी पाहूनच थांबतो.

९. मागचे दिवे वेगळे न्या

जुन्या गाडीच्या वायरिंगवर विसंबू नये. त्यात युद्धकाळातली विलिस ६ व्होल्टची, तिला बोलेरोची १२ व्होल्टची वायर जोडली की बल्ब जागेवर जातात. चुंबकाने चिकटणारे दोन दिवे आणि लांब वायर घेऊन जा. आणि एवढं करूनही रात्री टोचन लावू नका.

१०. ट्रक आधी मोजा, मग ठरवा

जोंगा ओढत आणण्याचा प्रश्नच नव्हता. दीड टनाहून जड गाडी आणि हजारभर किलोमीटरचा रस्ता. हिचं नाव 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या इंग्रजी नावातली अक्षरं जुळवून झालेलं आहे. निसानच्या पॅट्रोल ६० या गाडीच्या परवान्यावर जबलपूरच्या वाहन निर्माणीत ती १९६९ पासून १९९९ पर्यंत बनत होती. जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. पुढून पाहिली की छाती काढून उभ्या असलेल्या जवानासारखी दिसते. मला ती गेली तीस वर्षं हवी होती.

बारामतीचा एक ट्रक जबलपूरला माल उतरवून रिकामा परतणार होता. अशी रिटर्न गाडी मिळाली तर भाडं निम्म्यावर येतं. त्याआधी दुसरा एक ट्रक मी परत पाठवला होता. त्यात जोंगा बसत होती, पण फाळके लावल्यावर दोन्ही बाजूंना हात घालायलाही जागा उरत नव्हती. बांधणार कुठून? म्हणून लांबी-रुंदी मोजताना गाडीच्या दोन्ही अंगांना एकेक वीत जास्त धरा. हूड लावलेलं असेल तर उंचीही मोजा, किंवा सरळ हूड उतरवून घडी करून गाडीतच बांधा. वाऱ्याने जुन्या कॅनव्हासच्या तासाभरात चिंध्या होतात.

चढवायला हायड्रा क्रेन मिळते, पण तिचे पट्टे नेमके कुठे घालायचे हे कळणारा माणूस प्रत्येक ठिकाणी असतोच असं नाही. आम्ही मातीचा ओटा शोधला. गावाबाहेर मुरुमाचा ढीग होता, त्याला ट्रकची पाठ लावली, मागचा फाळका पाडला, मधल्या फटीवर लोखंडी चॅनेल टाकले. ट्रकच्या पुढच्या बाजूला चेनपुली अडकवून जोंगा इंचाइंचाने आत ओढली. पाऊण तास लागला. एक माणूस स्टिअरिंगवर, एक साखळीवर, आणि एक फक्त ठोकळे घेऊन मागच्या चाकांशी. हा तिसरा माणूस सगळ्यांत महत्त्वाचा, त्याला दुसरं काहीही काम सांगू नका. तोंड केबिनकडे ठेवायचं, म्हणजे इंजिनाचं वजन पुढे येतं. चढवण्याआधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं. त्याला व्हार्निशसारखा उग्र वास येत होता. बॅटरी उतरवली. बोनेटचे हुक झिजलेले होते, म्हणून बोनेट दोरीने खाली बंपरशी बांधलं.

११. बांधायचं ते अ‍ॅक्सलला, बॉडीला नाही

पट्टे बॉडीवरून किंवा चेसिसवरून आवळले तर प्रत्येक खड्ड्याला पाटे दबतात, पट्टे सैल होतात आणि पुन्हा हिसका खातात. अ‍ॅक्सल बांधला की पाट्यांवर वरची गाडी मोकळी डुलते, पट्ट्यांना त्याचं काही नाही. चार कोपऱ्यांना चार रॅचेटचे पट्टे, पुढचे पुढे ओढलेले, मागचे मागे. चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे, ट्रकच्या लाकडी तळाला खिळ्यांनी ठोकलेले.

पण अ‍ॅक्सलवरून पट्टा टाकताना आधी आडवं पडून टॉर्चने पाहा. मागच्या अ‍ॅक्सलला लागूनच ब्रेकची बारीक लोखंडी नळी जाते. क्लीनरने पट्टा नेमका तिच्यावरून घेतला होता आणि रॅचेटचे दोन दात ओढून झाले होते. मी खाली शिरलो तेव्हा नळी वाकलेली होती, पण चेपली नव्हती. पट्टा सोडून चार बोटं बाजूला घेतला. नळी चेपली असती तर ते कळलं असतं थेट घरी, पहिला ब्रेक दाबताना.

पट्टे एकदा आवळून काम भागत नाही. लखनादौनला थांबलो तेव्हा दोन पट्ट्यांखाली दोन बोटं जात होती. पुन्हा आवळले. सिवनीच्या पुढचा कुरईचा घाट उतरून खवासाला पुन्हा पाहिले, जागच्या जागी होते. मग पेंचच्या जंगलातून जाणारा तो उंच रस्ता आला, जनावरांसाठी खालून वाट सोडलेला, आणि मला वाटलं आता नागपूर काय नि कोरेगाव काय. मूर्तिजापूरजवळ ढाब्यावर रात्र काढली. सकाळी पाहतो तर मागचे दोन्ही पट्टे लोंबत होते. कोणी सोडले म्हणून इकडेतिकडे पाहिलं. कोणी सोडले नव्हते. मागच्या एका टायरमधली हवा रात्रीतून उतरली होती, गाडी त्या बाजूला दोन बोटं खाली बसली होती, आणि तेवढ्याने पट्ट्यांचा ताण गेला. ट्रकवर असलेल्या गाडीच्याही टायरची हवा रोज सकाळी पाहायची असते, हे मला तिथे कळलं. पायपंपाने हवा भरली, पट्टे आवळले, चहा घेतला आणि निघालो.

१२. ट्रकमध्ये स्वतः बसा

गाडी एकटी पाठवून आपण रेल्वेने येऊ नये. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसावं, त्याच्याबरोबर जेवावं, त्याला झोप आली की गाडी बाजूला घ्यायला सांगावं. आमचे ड्रायव्हरमामा पन्नाशीचे होते. निघताना मी म्हटलं, "मामा, एक दिवस जास्त लागू दे, भाड्यात धरतो. पण रात्रीची गाडी नको." ते माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "असं सांगणारा मालक मला अजून भेटला नव्हता." त्यांनी मेहकर, जालना, नगर असा सगळा रस्ता प्रत्येक खड्डा ओळखीचा असल्यासारखा नेला. जास्तीच्या एका दिवसाचे पैसे फार नसतात. ते वाचवू नयेत.

१३. उतरवायची जागा आधीच तयार ठेवा

चढवताना सगळ्यांचं लक्ष असतं. उतरवताना घर दिसलेलं असतं आणि तिथेच हात सुटतो. मी नगरहून फोन करून भाच्याला शेताच्या बांधाला माती ओढून ट्रकच्या तळाच्या उंचीचा ओटा करायला सांगितलं. तो तोवर सत्तावीस वर्षांचा झाला होता, स्वतःचं गॅरेज चालवत होता. आम्ही फलटण, आदर्की करत घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. मी म्हटलं, सकाळी उतरवू. मामा म्हणाले, उजेड लावा, आत्ताच उतरवू, उद्या मला ऊस भरायचा आहे. भाच्याने ट्रॅक्टरचे दिवे लावले, ओटा दाबून पाहिला, चॅनेल टाकले, आणि ठोकळे घेऊन स्वतः मागच्या चाकाशी बसला. मी काही सांगायच्या आधीच.

जोंगा बांधावर उतरली. घरातली सगळी माणसं अंगणात आली होती. तात्या तेव्हा ८४ वर्षांचे, काठी टेकत सावकाश गाडीपाशी आले. गाडीकडे त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. काठी बंपरला टेकवून ठेवली, पुढच्या डाव्या चाकाशी वाकले आणि हबवर उजवा तळहात ठेवला. मग दुसऱ्या चाकावर. मग मागे गेले.

"आबा, ट्रकवरनं आलीया ती," भाचा म्हणाला. "चाकं फिरलीच न्हाईत."

"म्हाईत हाय," तात्या म्हणाले. चौथ्या हबवरचा हात त्यांनी काढला नव्हता. "सकाळी चारी हब उघडायची. ग्रीसचा पार दगड झाला आसंल."

आणि मग त्यांनी भाच्याकडे टॉर्च मागितला.